विम्याचे छत्र किती रुंद?

मिरग जवळ आला की गोमंतकातील जुन्या घरांची शाकारणी सुरू होते. फुटकी कौले उतरतात, नवी चढतात, वाशांना कीड लागली आहे काय ते पाहिले जाते, पावसाच्या झडीच्या बाजूला झापांचा आडोसा उभा राहतो. येणाऱ्या संकटाचा अदमास आधी घ्यावा आणि त्याची तजवीजही आधीच करावी, ही बुद्धी आपल्या लोकांना पुस्तके वाचून आलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाने शिकवलेली आहे. असे असताना घराच्या विम्याचा विषय निघाला की हीच सावध माणसे दोन टोकांना जातात, हे नवल होय. बहुसंख्य लोक घराचा विमा उतरवीतच नाहीत. जे उतरवितात त्यांतील पुष्कळांची समजूत अशी की, एकदा हप्ता भरला म्हणजे घराचे काहीही होवो, भरपाई ठेवलेलीच आहे. पहिली गोष्ट निष्काळजीपणाची, दुसरी भाबडेपणाची. आणि नुकसान झाल्यावर दोघांच्याही पदरी पडते ते बहुधा सारखेच असते.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते एका वाचकांच्या भेटीचे. बार्देश तालुक्यातील एका गावचे हे निवृत्त शिक्षक कागदांची जाड फाईल घेऊन आमच्याकडे आले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. घरामागचा डोंगर शेजारच्या भूखंडधारकाने बंगल्यासाठी उभा कापला. पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री त्या कापलेल्या कड्याची माती खाली आली आणि स्वयंपाकघर व मागची भिंत तिच्याखाली गेली. सुदैवाने माणसे बचावली. घराचा विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले होते, पॉलिसीत ‘दरड कोसळणे’ हे शब्दही स्पष्ट छापलेले होते. तरीही कंपनीचे पत्र आले ते नकाराचे. ‘‘संपादकबाब, दरड कोसळली हे त्यांनाही मान्य आहे, दरडीचा विमा आहे हेही मान्य आहे, मग मी हप्ते भरले ते कशाचे?’’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. तो प्रश्न एका माणसाचा नाही. म्हणून या कागदांत नेमके काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसते, हे जरा सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

१९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यानंतर दीर्घकाळ घराचा विमा म्हणजे आगीचा विमा, हेच समीकरण होते. कारखाना, गोदाम आणि घर यांना जवळजवळ एकाच मुशीतले विमापत्र मिळत असे. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. कंपन्या वाढल्या, जाहिराती वाढल्या, विमापत्राची भाषा मात्र सामान्य गृहस्थाला होती तितकीच दुर्बोध राहिली. या परिस्थितीत विमा नियामक प्राधिकरणाने एक चांगली गोष्ट केली. १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाची, एकाच मजकुराची पॉलिसी उपलब्ध करून दिलीच पाहिजे, असा नियम लागू झाला. कंपनी कोणतीही असो, या पॉलिसीतील मूळ कलमे तीच. त्यामुळे ती एकदा समजून घेतली की दहा विक्रेत्यांच्या दहा तोंडांकडे पाहण्याची आवश्यकता उरत नाही.

या पॉलिसीत काय येते? आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, सुनामी, पूर व जलमय होणे, घराखालची जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा, बाहेरची एखादी वस्तू घरावर आदळणे, दंगल, संप व खोडसाळपणाने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी अथवा नळ फुटणे, इतके सारे येते. यांतील ‘वस्तू आदळणे’ हे कलम आपल्याकडील घरांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. जुन्या आगीच्या पॉलिसीत आदळणे म्हणजे वाहन किंवा जनावर आदळणे एवढाच अर्थ होता. वारा-वादळ नसताना एखाद्या दुपारी शेजाऱ्याचा किडका माड आपल्या छपरावर आडवा झाला, तर तो कोणत्या सदरात बसवावा याचा वाद होई. नव्या पॉलिसीने पडणारे झाड स्पष्टपणे समाविष्ट केले. योगायोग असा की, ही पॉलिसी लागू होऊन दीड महिना होतो न होतो तोच, १५ आणि १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. गावोगाव झाडे उन्मळून घरांवर पडली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलैला, म्हादई आणि तिच्या उपनद्यांना पूर येऊन सत्तरी, डिचोली आणि फोंडा भागांतील शेकडो घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी म्हटले होते. त्या घरांपैकी फारच थोड्यांवर विम्याचे कागद असतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आता घर म्हणजे काय? विम्याच्या लेखी घर म्हणजे बांधकाम, जमीन नव्हे. कुंपणाची भिंत, फाटक, गॅरेज, सोपा, सेप्टिक टाकी, पाण्याची टाकी, छपरावरील सौरपट ही सारी घरात मोडतात. परंतु ज्या जमिनीवर ते उभे आहे तिची किंमत त्यात येत नाही, कारण घर जळाले तरी जमीन राहते. गोव्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे जमिनीचे भाव आणि बांधकामाचा खर्च यांचा परस्परांशी काही संबंध उरलेला नाही. एखादी सदनिका बाजारात कोटी रुपयांना विकली जात असेल. पण शंभर चौरस मीटर चटईक्षेत्राचे बांधकाम चौरस मीटरला २० हजार रुपये खर्चून होत असेल, तर विम्याची रक्कम २० लाखच येते. ती एक कोटी लिहून घेतल्याने भरपाई एक कोटी मिळत नाही. केवळ हप्ता वाढतो. सदनिकांसाठी ठरलेल्या मूल्यावर निराळ्या पॉलिसी काही कंपन्या देतात, पण ती वेगळी गोष्ट, आणि ती वेगळी मागावी लागते. उलट, रक्कम कमी लिहिण्याचा मोहही घातक असे. जुन्या पद्धतीत २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा उतरविला आणि ४ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी सरासरीचा नियम लावून २ लाखच हातावर ठेवी. ‘गृह रक्षा’ने हा नियम काढून टाकला, ही मोठी सोय झाली. अर्थात् विम्याच्या एकूण रकमेपेक्षा अधिक पैसे याही पॉलिसीत मिळत नाहीत.

घरातील सामानाची सोय या पॉलिसीत आपोआप होते. बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपेक्षा अधिक नाही, इतक्या किमतीचे सर्वसाधारण सामान वेगळी यादी न देता विम्यात येते. अधिक हवे असेल तर तपशील द्यावा लागतो. घर राहण्यायोग्य उरले नाही तर दुसऱ्या जागेचे भाडे, ढिगारा हलविण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, वास्तुविशारदाची फी ५ टक्क्यांपर्यंत, हेही त्यात आहे. दागिने आणि कलावस्तू यांचा मात्र वेगळा करार करावा लागतो, आणि रोख रक्कम, दस्तऐवज, वाहने यांना साध्या पॉलिसीत जागा नाही. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, कोरीव सागवानी बाके आणि चिनी मातीची जुनी भांडी असलेली घरे आपल्याकडे अजून शिल्लक आहेत. त्यांच्या मालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. अशा घराचा खर्च ठरविताना कंत्राटदाराचा आजचा सिमेंटचा दर उपयोगाचा नाही. तसे काम करणारा सुतार आज किती घेईल, आणि मुळात मिळेल काय, याचा विचार मूल्यांकनात व्हावयास हवा.

जे येत नाही त्याची गणना मात्र लांबलचक आहे, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. चोरीचेच उदाहरण घ्या. घराचा विमा म्हटले की लोकांच्या मनात पहिल्यांदा चोरी येते. पण या पॉलिसीत चोरी येते ती एवढीच: आग, पूर, वादळ यांसारखी विमा असलेली घटना घडली आणि तिच्या परिणामी सात दिवसांच्या आत सामान चोरीस गेले, तर. एरवी रात्री कडी उचकटून कपाट फोडले गेले तर ही पॉलिसी मुकी राहते. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. विजेच्या बाबतीतही असाच बारकावा आहे. फ्रिजमध्ये शॉर्ट सर्किट होऊन फ्रिज जळाला, तर त्या फ्रिजची भरपाई नाही. त्या आगीने पडदे, कपाटे आणि छप्पर पेटले, तर त्यांची आहे. छप्पर वर्षानुवर्षे गळून भिंतींना ओल धरली, वाळवीने वासे पोखरले, कालमानाने गिलावा सुटला, ही सगळी झीज होय. ती घरमालकाची जबाबदारी, विम्याची नव्हे. आणि यात कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाकारणीचा खर्च विम्यातून निघू लागला तर हप्त्याची रक्कम शाकारणीइतकीच होईल.

परंतु जमीन खचणे आणि दरड कोसळणे या कलमांखाली जे अपवाद दिले आहेत, ते वाचताना मात्र मन थबकते. नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचे बसणे किंवा सरकणे, समुद्राने अथवा नदीने किनारा खाणे, सदोष आराखडा वा निकृष्ट साहित्य, आणि बांधकाम, पाडकाम, दुरुस्ती किंवा खोदकाम यांमुळे जमीन खचली किंवा दरड आली, तर त्याची भरपाई नाही. हे अपवाद देशभरासाठी लिहिलेले आहेत. पण एखाद्याला वाटावे की ते गोव्याच्या नकाशावर बोट ठेवून लिहिले आहेत. गेल्या काही दशकांत गोव्यात घरे उभी राहिली ती कोठे? खालच्या शेतांत मुरुमाचा भराव टाकून, किंवा वरचे डोंगर कापून. भराव टाकलेल्या शेतातला बंगला चार पावसाळ्यांत एका बाजूला कलला, तर त्याच्या मालकाने पॉलिसी उघडून पाहण्याचीही गरज नाही. केरीसारख्या गावी समुद्र दरवर्षी किनारा आत आत खात आला आहे. तेथे माडांच्या पाठोपाठ उद्या घराची पायरी गेली, तर वादळाने उसळलेल्या लाटा घरात शिरल्या की किनाऱ्याची धूप झाली, या एका प्रश्नावर सारे अवलंबून राहील. पहिले विम्यात आहे, दुसरे नाही. आणि समुद्र काही आपण कोणत्या कलमाखाली आलो हे सांगून येत नाही. खाजनांचा बांध फुटून घरात पाणी शिरले तर ते जलमय होण्याच्या कलमात यावयास हवे, असे आमचे वाचन आहे; पण त्याही वेळी बांध केव्हा फुटला, किती पाणी आले, याची नोंद हाताशी असणे बरे.

आमच्या शिक्षक-वाचकांना जे पत्र आले ते यांतील शेवटच्या अपवादाचे होते. दरड कोसळली ती शेजाऱ्याच्या खोदकामामुळे, खोदकाम अपवादात आहे, म्हणून दावा अमान्य. अक्षराच्या दृष्टीने कंपनीने काही निराळेच केले असे म्हणता येणार नाही. तथापि येथे विचार करण्यास जागा आहे. विम्याच्या कायद्यात नुकसानीचे निकटचे व प्रभावी कारण कोणते, याला महत्त्व असते. डोंगर कापला तो उन्हाळ्यात. दरड आली ती पावसाळ्यात, मुसळधार पावसाच्या रात्री. दरड पावसाने आणली की कापणीने, हा भूगर्भाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कंपनीच्या सर्व्हेअरने कशाच्या आधारावर दिले, हे त्याच्या अहवालातच दिसेल. त्या अहवालाची प्रत आमच्या वाचकांनी मागितलेलीच नव्हती. कलमाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकत असेल तर तो विमा घेणाऱ्याच्या बाजूने लावावा, कारण मजकूर त्याने लिहिलेला नसतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलेले आहे. तेव्हा हे पत्र म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, एवढे आम्ही त्यांना सांगितले.

पण दुसरा आणि अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न कंपनीला विचारून उपयोग नाही. ज्याने डोंगर कापला त्याच्याकडे परवानगी होती काय? गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील १७-अ कलम परवानगीवाचून डोंगर कापण्यास आणि सखल जमीन बुजविण्यास मनाई करते. परवानगी नसेल तर पंचायत, तलाठी आणि नियोजन खाते तीन महिने काय पाहत होते? परवानगी असेल तर ती देताना खालच्या घराचा विचार कोणी केला? विमा कंपन्यांनी खोदकामाने येणाऱ्या धोक्यातून अंग काढून घेतले आहे, यातच एक साक्ष दडलेली आहे. संकटाचा हिशेब करण्यावर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी हा धोका पत्करण्याजोगा मानला नाही. आणि आपल्या शासनाने मात्र तो सामान्य गृहस्थाच्या डोक्यावर निर्धास्तपणे ठेवला आहे. अशा प्रसंगी नुकसानीचा दावा शेजाऱ्यावर दिवाणी न्यायालयात लावावा लागतो. तो लावणारा किती वर्षे जगेल, हा प्रश्न विम्याच्या नव्हे, पण आयुर्विम्याच्या कक्षेत येऊ शकेल!

दुसरी अडचण नावाची. हीही गोमंतकीय अडचण होय. घरपट्टीच्या पावतीवर पणजोबांचे नाव, एक-चौदाच्या उताऱ्यावर भाटकाराचे, राहणारा तिसराच. असली घरे प्रत्येक वाड्यावर आहेत. विमा उतरविण्यासाठी त्या घरात आपला कायदेशीर हितसंबंध असावा लागतो. १९७५ च्या मुंडकार कायद्याने ज्याला संरक्षण दिले आहे त्याचा आपल्या घरात असा हितसंबंध आहे. भाडेकरूचाही स्वतःच्या सामानापुरता आहे. पण हे सारे विमा घेताना प्रस्तावात खरेखरे लिहिले गेले पाहिजे. विमा विकणारा घाईत असतो. ‘मालक’ या रकान्यात समोरच्या माणसाचे नाव घालतो आणि मोकळा होतो. भरपाईच्या वेळी मात्र सहहिस्सेदारांची नावे, वारसांचे दाखले आणि रखडलेली इन्व्हेंटरी एकेक करून वर येते. आपल्याकडील नागरी कायद्याप्रमाणे, विवाहाच्या वेळी निराळा करार झालेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते. तेव्हा विमापत्रावर दोघांची नावे असणे हेच योग्य. चार भावांचे घर असेल तर चौघांची नावे घालावीत, निदान कोण कोणत्या हक्काने विमा उतरवीत आहे ते नोंदवावे. भाऊबंदकीतील अबोला विमा कंपनीला ठाऊक नसतो.

बंद घरांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये गेलेल्या गोमंतकीयांची कुलूपबंद घरे गावोगाव आहेत. जुन्या आगीच्या पॉलिसीत घर सलग तीस दिवसांहून अधिक रिकामे राहिले तर, कंपनीची आगाऊ संमती नसल्यास, विमाच थांबत असे. घरफोडीच्या विम्यातही बंद घराविषयीच्या अटी असतात. तेव्हा घर वर्षातून अकरा महिने बंद राहते, ही गोष्ट विमा घेतानाच लेखी कळवावी आणि लेखी उत्तर घ्यावे. भाड्याने देणार असाल, त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढणार असाल, तरीही तसेच; किनारपट्टीवर राहत्या घराचे हळूहळू विश्रामगृह होते आणि पॉलिसीत ते राहते घरच असते, ही फसगत फार झाली आहे. आणि कोणी बनावट कागद करून बंद घर बळकावले, तर त्यावर घराचा विमा चालत नाही, बेकायदा कब्जा हा स्पष्ट अपवाद आहे. बळकावणीच्या अशा प्रकरणांसाठी २०२२ मध्ये शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

शहरांतील सदनिकाधारकाची कथा वेगळी. गृहकर्ज घेताना बँकेने ‘विमा’ म्हणून काही रक्कम कापून घेतली, एवढेच त्याला आठवते. पुष्कळदा तो विमा घराचा नसून कर्जदाराच्या जिवाचा असतो: कर्जदार गेला तर कर्ज फिटावे म्हणून. घर गेले तर त्याचा उपयोग शून्य. घराचा असलाच, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. आपल्या फाईलमधील तो कागद कोणता आहे, हे आज संध्याकाळी काढून पाहण्यासारखे आहे. शिवाय सदनिकेचा विमा म्हणजे इमारतीचा विमा नव्हे. जिना, लिफ्ट, गच्चीवरील टाकी, कुंपणाची भिंत यांचा विमा सोसायटीने उतरवावयाचा असतो. आणि पणजी, मडगाव, म्हापशातील कित्येक इमारतींत सोसायटी ही संस्था केवळ पाण्याच्या बिलाच्या भांडणापुरती अस्तित्वात असते. स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट झाल्यास तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सामूहिक विमा काढलेला असतो, नोंदलेल्या पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यात २ लाख रुपयांपर्यंतची तरतूद असते, हे वितरकाने कधी आपणहून सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नुकसान झाल्यानंतर करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या वेळीच कराव्या लागतात. कंपनीला ताबडतोब कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, आग असेल तर अग्निशामक दलाचा, खोडसाळपणा असेल तर पोलिसांचा कागद मिळवावा, आणि नुकसान लक्षात आल्यापासून तीस दिवसांत दाव्याचा अर्ज भरावा. सर्व्हेअर येण्यापूर्वी ढिगारा साफ करू नये. घर नीटनेटके ठेवण्याच्या आपल्या सवयीने येथे पुष्कळांचा घात केला आहे. उशीर झाला म्हणून कंपनीने खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असे नियामकाने २०११ मध्येच बजावले आहे. नकार आला तर प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपाल. गोव्याच्या ग्राहकासाठी लोकपालांचे कार्यालय मुंबईस आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. ही मर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांवरून वाढविण्यात आली. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला मात्र तो अमान्य करून पुढे ग्राहक आयोगाकडे जाता येते.

‘‘विमा नाही, पण सरकार मदत देईलच,’’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आकडे पाहावेत. आपत्ती निवारण निधीसाठी केंद्राने २०२२ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, आणि निदान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये. साडेसहा हजारांत आज छपराचा एक कोपराही शाकारून होत नाही. याउलट २० लाखांच्या बांधकामाच्या विम्याचा वार्षिक हप्ता वर्षभराच्या वर्तमानपत्राच्या बिलाहून पुष्कळदा अधिक नसतो; आमच्या धंद्याला ही तुलना फारशी भूषणावह नाही, पण ती खरी आहे.

मग लोक विमा का घेत नाहीत? अज्ञान आहेच, पण शासनाचे धोरणही त्यास हातभार लावते. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्यावरील वस्तू व सेवा कर पूर्णपणे उठविण्यात आला. घराच्या विम्यावरील १८ टक्के मात्र कायम राहिले. माणसाचा जीव आणि शरीर यांना दिलेली सवलत त्याच्या डोक्यावरील छपराला देण्यास काय हरकत होती? ज्या सरकारला प्रत्येक पुरानंतर मदत वाटावी लागते, त्याने पुराआधी विमा घेणाऱ्यावर कर लावावा, हा हिशेब आमच्या आकलनापलीकडचा आहे. राज्य सरकारलाही करण्यासारखे पुष्कळ आहे. घरपट्टी भरताना पंचायतीतच पूरप्रवण वाड्यांसाठी सामूहिक विम्याची सोय करता येईल. गरिबांच्या घरांचा हप्ता शासनाने उचलला तरी तो मदतनिधीच्या मानाने हलकाच पडेल. आणि विमापत्राचा संपूर्ण मजकूर, अपवादांसह, मराठीत व कोंकणीत प्रस्तावाबरोबरच हाती पडला पाहिजे. विक्रीच्या वेळी आश्वासन बोली भाषेत आणि नकाराच्या वेळी कलम इंग्रजीत, हा व्यवहार सचोटीचा म्हणता येणार नाही.

आमचे शिक्षक-वाचक त्या दिवशी परत गेले ते तीन अर्जांचे कच्चे मसुदे घेऊन: एक कंपनीकडे सर्व्हेअरच्या अहवालाच्या प्रतीसाठी, दुसरा कंपनीच्याच तक्रार विभागाकडे, तिसरा नगर नियोजन खात्याकडे, डोंगरकापणीच्या परवानगीच्या प्रतीसाठी. त्यांच्या मागच्या भिंतीच्या जागी सध्या निळी ताडपत्री आहे, आणि कापलेला डोंगर तिच्यामागे तसाच उभा आहे.